तुटक्या पानाचं कापड

आमच्या चाळीत खोली बघायला येणारा माणूस आधी विहीर कुठे आणि संडास कुठे ते विचारतो. तोमेझोने काहीच विचारलं नाही. टोकाची, संडासाला खेटून असलेली खोली कधीची रिकामी पडली होती. ती त्याने आत न डोकावताच घेतली. चाळीचा कारभारी हरखला. मला मात्र माणूस आवडला नाही, कारण बोलणी चालली होती तेव्हा त्याची नजर कारभाऱ्यावर नव्हती. मी वाळत घातलेल्या कपड्यांवर होती.

तेव्हा माझी ओमित्सू तान्ही होती आणि आमच्या दारातल्या बांबूवर सकाळ-संध्याकाळ तिचे लंगोट फडफडत असायचे. बाई धुणं वाळत घालत असली की टक लावून बघणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. त्यांची नजर बाईवर असते. याची कापडावर होती, आणि ते मला जास्त खटकलं.

धंद्याने तो राखवाला. खांद्यावर कावड, दोन्हीकडे टोपल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन लांबट आवाजात "राख आहे का, राख" अशी हाक. सार्वजनिक न्हाणीतून कढत पाण्याने अंग धुऊन आला तरी त्याच्या भुवया करड्याच दिसायच्या. कानाच्या पाळ्यांच्या मागे राख, नखांत राख. घरोघरच्या चुलीतली राख तो विकत घ्यायचा आणि रंगाऱ्यांना, कुंभारांना, उरलीसुरली शेतकऱ्यांना विकायचा. यात नवल काही नाही. आमच्या या एदो शहरात वाढलेल्या माणसाला काही फेकून द्यायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. माझा नवरा गेन्झो पिंपांचे सुटलेले पट्टे बसवतो. समोरची म्हातारी विंचरताना गळालेले केससुद्धा गोळा करून अंबाडेवालीला विकते. संडासातलं शेतकरी नेतात आणि त्याचे पैसे कारभारी खिशात घालतो, म्हणून तर चाळ भरलेली असली की त्याला बरं वाटतं. तेव्हा राखवाला आला म्हणून कुणी भुवई उंचावली नाही. पण चार दिवसांत विहिरीवरच्या बायका कुजबुजायला लागल्या, की म्हातारा तुझ्या लंगोटांसमोर उभा राहतो बरं का, ओकुमे.

मी कुजबुजणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर आला तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं.

"काय हो, माझ्या पोरीच्या लंगोटांत एवढं बघण्यासारखं काय आहे?"

त्याने बादली खाली ठेवली. रागावला नाही, लाजलाही नाही.

"या कापडाची राख होईल तेव्हा ती मला द्याल?"

"पोरगी अजून पालथी पडत नाही, आणि तुम्हाला तिच्या लंगोटांची राख हवी?"

"घाई नाही. झिजू दे सावकाश. फक्त दुसऱ्या कुणाला देऊ नका."

बायका हसल्या. मीही हसले, पण माझं हसू अर्ध्यात थांबलं. मस्करी करणारा माणूस हसणाऱ्यांकडे बघतो. तो कापडाकडे बघत होता.

ते कापड मी वाळुंजाच्या झाडांच्या बांधावर भरणाऱ्या जुनेरबाजारातून आणलं होतं, दिवस भरत आले होते तेव्हा. कुणा बाईचा उन्हाळी किमोनो. गडद निळ्या सुतावर पांढरी तागाची पानं. ताग भराभर आणि सरळ वाढतो, म्हणून पोरांच्या अंगाला हीच नक्षी घालतात. धुऊन धुऊन इतका मऊ झाला होता, की लंगोटांना त्याच्यासारखं दुसरं नाही. एकच खोट होती. वीतभर अंतरावर एका पानाचं टोक तुटलेलं होतं, ज्या कागदी साच्याने छपाई केली तोच फाटका असणार. ते तुटकं पान दुकानदाराला दाखवून मी किंमत पाडली होती आणि घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते.

त्या विहिरीवरच्या दिवसानंतर तोमेझो राख न्यायला आला की मी त्याला दारात बसवायची, चहा द्यायची आणि पुन्हा विचारायची. मी सोडणारी नव्हेच. पहिल्या दोन-तीन वेळा तो चहा पिऊन उठला. मग एकदा गेन्झो कामावर गेला होता, पोर झोपली होती, आणि माझ्या चुलीतली राख सुपलीने टोपलीत भरता भरता तो आपणहून बोलायला लागला. माझ्याकडे न बघता, चुलीच्या तोंडाकडे बघत.

त्याची बायको ओतामी. दोघं कालव्याकाठी एका सरपणाच्या वखारीशेजारी राहायची. वखारीचा एक कोपरा त्याने भाड्याने घेतला होता, गोळा केलेली राख कोरडी ठेवायला. आमच्या बारा प्राण्यांच्या फेऱ्यातल्या शेळीच्या वर्षी हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला आणि आग लागली. तोमेझो तेव्हा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला फेरीवर होता. दोघांचं आधीपासून ठरलेलं होतं, आग लागली तर ओतामीने पूल ओलांडून पलीकडे बहिणीकडे जायचं आणि तिथेच थांबायचं. म्हणून आग विझल्यावर तो परतला, घराच्या जागी काळी जमीन बघितली, तरी तो घाबरला नाही. आमच्या शहरात घर जळणं ही काही मोठी बातमी नसते. लोक खांब थंड व्हायच्या आत सुताराला बोलावतात.

घर गेलं होतं, पण वखार बघून त्याचे डोळे चमकले. आत ओकाची वाळलेली लाकडं छतापर्यंत रचलेली होती, ती तळापासून जळून गेली होती. भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या होत्या, त्यामुळे माती मिसळलेली नव्हती. पांढरीशुभ्र, पिठासारखी राख. अशी राख जन्मात बघितली नव्हती, असं तो म्हणाला. रंगाऱ्यांची निळीची रांजणं अशा राखेच्या पाण्यावरच जगतात, आणि आगीनंतर सगळ्या रंगाऱ्यांना तिची टंचाई असते. दुसरा राखवाला पोचायच्या आत भरायला हवी होती. वखारवाल्याला त्याने रस्त्यातच गाठून सौदा केला, फावडं मागून आणलं आणि भरायला लागला. राख अजून कोमट होती. थंडीत हाताला बरं वाटत होतं.

सगळी राख त्याने त्याच दिवशी रंगाऱ्यांच्या आळीत उहेई नावाच्या रंगाऱ्याकडे पोचवली. मग तोंड धुतलं, मेहुणीच्या पोरांना गोड घेतलं आणि पूल ओलांडला. मेहुणी दारात आली आणि तिने विचारलं, ओतामी कुठे आहे.

शोधाशोध झाली तशी झाली. शेजारच्या एका बाईने तिला पुलाच्या तोंडाशी पाहिलं होतं. ओतामी तिथवर आली आणि थबकली. "अगं, त्यांच्या नव्या टोपल्या वखारीत राहिल्या," असं म्हणून डोक्याला फडकं बांधून मागे फिरली. दोन नव्या टोपल्या. त्याच आठवड्यात घेतलेल्या.

तरीही तोमेझोने मनाला समजावलं, की माणूस मागे फिरतो आणि वाटेत बेत बदलतो. ती कुठल्या तरी देवळात असेल, कुणाच्या तरी अंगणात असेल. मग तो उहेईकडे रिकामी पोती आणायला गेला. तिथला गडी सहज बोलून गेला, तुमच्या राखेत काय काय निघतं हो, परवा चाळताना अंबाड्यातला पितळी आकडा निघाला, एक पाय तांब्याच्या तारेने बांधलेला. ती तार तोमेझोने स्वतः बांधली होती. आकडा मोडला तर टाकून कशाला द्यायचा म्हणून.

आकडा कुठे आहे, असं त्याने विचारलं. गड्याने तो जुन्या खिळ्यांबरोबर मोडवाल्याला दिला होता. आणखी काही निघालं का? निघाले होते पांढरे तुकडे. भिंतीचा चुना समजून गड्याने ते राखेच्या चोथ्यात टाकले होते, आणि चोथा मुळेवाल्या शेतकऱ्याने नेला होता. तोमेझो त्या शेतकऱ्याच्या गावापर्यंत चालत गेला. चोथा जमिनीत नांगरून झाला होता. पुढे मुळे तयार व्हायच्या दिवसांत तो पुन्हा गेला, पण मुळे तोवर शहरात येऊन विकले गेले होते. आमच्यापैकी कुणीही खाल्ले असतील.

एवढं सांगून तो थांबला. सुपली हातातच होती.

"मी तिला फावड्याने भरली," तो म्हणाला. "गुणगुणत भरली."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या हातातली सुपली काढून घेतली. उरलेली राख मीच भरली.

त्या राखेच्या पाण्यावर उहेईने नवं रांजण लावलं होतं, आणि त्याचा नेहमीचा साचा आगीच्या धावपळीत कोपऱ्यात फाटला होता. नवा साचा लांबून यायचा होता, तोवर त्याच फाटक्यावर त्याने कापडाचे दोन ठाण छापले आणि त्या रांजणात बुडवले. रंग असा उठला, की शेजारचे रंगारी बघायला आले. एक ठाण जहाजातून उत्तरेला गेला. दुसरा एदोतच राहिला. तोमेझोकडे बायकोचं म्हणून जे काही शिल्लक होतं ते त्या एका ठाणात होतं, आणि ते दुसऱ्याच्या दुकानात घडी घालून ठेवलेलं होतं.

विकत घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा तो मागे लागला. आधी एका दारूच्या पेढीच्या मालकिणीने त्याचा किमोनो शिवला. संध्याकाळच्या वेळी गर्दीत पुढे ते निळं दिसलं, की तो धावत सुटायचा. चेहरा दिसायच्या आधी क्षणभर त्याला वाटायचं, की ओतामीच चाललीय. पेढीच्या नोकरांनी त्याला एकदा बदडलं. मग किमोनो मोलकरणीकडे गेला. मोलकरणीचं लग्न झालं तेव्हा तिने तो विकला आणि वाळुंजाच्या बांधावर तोमेझोच्या हातून तो सुटला, कारण त्याच्या आधी मी तिथे पोचले होते, मोठं पोट घेऊन, तुटक्या पानावरून हुज्जत घालत. त्यानंतर त्याने गल्ली न् गल्ली पालथी घातली. राखवाल्याला कुणी कुठे अडवत नाही. शेवटी आमच्या दारातल्या बांबूवर त्याला ते सापडलं, चौकोनी तुकडे होऊन.

देवळातल्या भिक्षूने त्याला सांगितलं होतं, की जमिनीत ठेवायला काही तरी आण, नुसत्या नावाला थडगं कसं देऊ. म्हणून त्याच्या खोलीत फळीवर एक छोटी झाकणाची बरणी होती. ती मी नंतर पाहिली. आत काही नव्हतं.

मला वाटलं होतं, सगळं कळल्यावर मन हलकं होईल. झालं उलटंच. त्या दिवशी धुणं भिजवलं आणि पाण्यात निळा रंग उतरला, तो रोजच थोडासा उतरायचा, पण त्या दिवशी माझा हात पाण्यात घालवेना. संध्याकाळी बांबूवर एकाला एक लागून वाळत घातलेले तुकडे वाऱ्याने फिरले, की कुणी बाई पाठमोरी उभी आहे असं वाटायचं. मी दोनदा "कोण आहे" म्हणून विचारलं. गेन्झो म्हणाला, तू आता लंगोटांशी बोलायला लागलीस, उद्या पिंपांशी बोलशील. सगळ्यात वाईट म्हणजे ओमित्सू. ते कापड अंगाला लागलं, की पोर रडायची थांबायची आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत हसायची. तान्ही पोरं अशी हसतातच. मला ते तेव्हा माहीत होतं आणि तरीही मी मागे वळून बघायची.

शेवटी मी सगळे तुकडे गाठोड्यात बांधले आणि त्याच्या खोलीत नेऊन ठेवले.

"तोमेझोकाका, हे घ्या. आत्ता चुलीत घाला, राख बरणीत भरा आणि मोकळे व्हा. मलाही मोकळं करा."

त्याने गाठोडं सोडलं, एक तुकडा उजेडात धरला, आणि पुन्हा बांधून माझ्यापुढे सरकवलं.

"याला अजून कितीतरी वर्षं आहेत. असं धडधाकट कापड जाळायचं? ओतामी दोन टोपल्यांसाठी मागे फिरली, पोरी. मी कापड फुकट घालवलं तर ती मला काय म्हणेल?"

"माझ्या पोरीच्या ढुंगणाला बांधलेलं चालतं होय तिला?"

तो पहिल्यांदा हसला. हसताना खोकला.

"आम्हाला पोर झालं नाही. फार वाटायचं तिला. आता कुणाच्या तरी पोराच्या अंगाला लागली, ते बरंच झालं की."

मी गाठोडं घेऊन घरी आले आणि दार लावून रडले. भीती गेली नाही. पण त्यानंतर लंगोट धुताना मी जास्त हळू पिळायला लागले.

ओमित्सू चालायला लागली आणि लंगोटांची फडकी झाली. कापडाचा प्रवास सगळ्यांना ठाऊक असतो. किमोनोचे लंगोट, लंगोटांची फडकी, फडक्याचं पोतेरं, पोतेऱ्याच्या चिंध्या, मग चूल. तुकडे एकेक करून खाली उतरत गेले, आणि दर वेळी चुलीत काही गेलं, की मी आधी चूल रिकामी करून पुसून घ्यायची, तो तुकडा एकटाच जाळायची आणि चिमूटभर राख कागदात बांधून त्याच्या दाराच्या फटीत ठेवायची. तो तिच्याबद्दल बोलायचा नाही. फक्त कधी कधी माझ्या दारावरून जाताना बांबूकडे बघून मान हलवायचा, शेजारणीला ओळख द्यावी तशी.

पण त्याचा खोकला वाढत चालला होता. आयुष्यभर राख श्वासात घेतलेली. कावड उचलताना तो भिंतीचा आधार घ्यायला लागला, टोपल्या अर्ध्याच भरायला लागला. आणि माझ्याकडे शेवटचे दोन तुकडे उरले होते, ते काही केल्या संपेनात. सूत भलतंच चिवट. मला भीती वाटायला लागली, की हा माणूस कापडाच्या आधी जाणार आणि बरणी अर्धीच राहणार. भिक्षूला सगळं एकदम हवं होतं, थोडं थोडं पुरायला तो वेडा नव्हता.

तेव्हा मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. शिवताना उरलेला वीतभर दोरासुद्धा गुंडाळून ठेवणारी मी, ते दोन तुकडे घेऊन रोज दुपारी विहिरीच्या दगडावर घासत बसायची. गरज नसताना उंबरा पुसायची, अंगणातले दगड पुसायची. गेन्झोने विचारलं, दगडांचं लग्न आहे का. मी घासत राहिले. प्रत्येक घासण्याला जीव तुटत होता, कापडासाठीही आणि त्या बाईसाठीही, कारण जी बाई दोन टोपल्यांसाठी मागे फिरली ती मला बघत असणार, असं मला सारखं वाटायचं.

तुकड्यांची जाळी झाली तेव्हा मी ते जाळायच्या आधी त्याला दाखवायला नेले. तो अंथरुणावर बसला होता. त्याने बोटांनी धागे चाचपले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी नजर खाली घातली.

"हे झिजलेलं नाही. झिजवलंय."

"झिजवलंय," मी म्हणाले. "तुमच्यासाठी. आता बोलणी खायची असतील तर तिची मी खाईन."

मग त्याने तुकडे माझ्या हातात दिले आणि सांगितलं, जाळ.

शेवटची राख मी स्वतः बरणीत घातली. इतक्या वर्षांच्या सगळ्या पुड्या त्याने तीत रिकाम्या केलेल्या होत्या, तरी बरणी निम्म्याच्या थोडी वर भरली. एका बाईचा अख्खा किमोनो एवढासा होतो. तोमेझोने झाकण लावलं, ओल्या फडक्याने बरणी पुसली आणि म्हणाला, की दोन दिवसांत बरं वाटलं की देवळात जाऊन येतो. त्या रात्री मला पोर झाल्यापासून लागली नव्हती अशी झोप लागली.

वसंतात दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हा आम्ही आपापल्या मेलेल्यांना भेटायला देवळात जातो. त्या वर्षी मी गेन्झोच्या आईला उदबत्ती लावली आणि मग ओतामीलाही लावावी म्हणून भिक्षूला तिची जागा विचारली. बाई माझ्या ओळखीची झाली होती. भिक्षू म्हणाला, कोण ओतामी? राखवाला म्हणून कुणी आलाच नाही.

मी तडक घरी आले. तोमेझो उन्हात टोपली विणत बसला होता. फळीवर बरणी होती. मी न विचारता झाकण काढलं. आतून धुतलेली होती.

"कुठे आहे ती?"

"उहेईकडे दिली. तो नवं रांजण लावत होता."

पहिल्यांदा मला अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हणाले, की इतकी वर्षं मी चूल पुसून तुमच्या बायकोची राख वेगळी काढली, धडधाकट कापड दगडावर घासलं, रात्री-बेरात्री भिऊन उठले, ते सगळं तिला जमीन मिळावी म्हणून. आणि तुम्ही तिला पुन्हा बाजारात सोडलीत.

तो ऐकत राहिला. हातातली कामटी विणायची तेवढी थांबली होती.

"गेलो होतो गं देवळात," तो म्हणाला. "दारापर्यंत गेलो. भिक्षू आत झाडत होता. मला वाटलं, हिला इथे ठेवली की झालं. मग उद्या सकाळी मी कावड कशाला उचलू? कुणाच्या मागे जाऊ?"

"पण आता ओळखणार कशी? साचा नवा, पान तुटकं नाही. एका रांजणात किती ठाण बुडतात!"

"ओळखायला कशाला हवी? आता कुठलंही निळं दिसलं तरी तीच असेल."

त्याचा चेहरा शांत होता. मला मात्र भर उन्हात थंडी वाजली. मी घरी आले आणि चाळीच्या अंगणात पाहिलं. बांबूंवर बारा घरांचं धुणं वाळत होतं, आणि त्यातलं निम्मं निळं होतं.

पुढचा उन्हाळा त्याने काढला. रोज कावड घेऊन बाहेर पडायचा, राख थोडी आणायचा आणि बघायचा जास्त. पुलाच्या कठड्याला टेकून तो जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत बसलेला लोकांना दिसायचा. आता त्याला कुणी बदडत नव्हतं, कारण तो धावत नव्हता. थंडी पडायच्या सुमाराला एका सकाळी त्याची हाक आली नाही. मी दार सरकवलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून निजलेला होता आणि अंगावर, कुठून मिळवला होता कुणास ठाऊक, जुना निळा किमोनो होता.

चाळीने वर्गणी काढून त्याला जाळलं. स्मशानातली राख पुढे कोण नेतं, कुठे नेतं, ते मी विचारलं नाही. टोपल्या नव्या राखवाल्याने घेतल्या. बरणी चांगली होती, ती कारभाऱ्याने मला दिली. तिच्यात आता मुळ्याचं लोणचं असतं.

माझ्या ओमित्सूला आता स्वतःची तान्ही आहे. परवा ती मला म्हणाली, आई, एवढ्या थंडीत पोरीचे लंगोट मी धुते, तुझे हात गारठतात. मी देत नाही. निळं कापड मीच धुते, हळू पिळते. नवा राखवाला चांगला आहे, पण उतावळा. दारात आला की म्हणतो, आजी, द्या लवकर, अजून सगळी गल्ली व्हायचीय. मी त्याला थांबवते. आधी चुलीत हात घालते आणि राख बोटांमधून सोडते, अगदी तळापर्यंत. पितळेचं काही लागतं का बघते. लागत नाही. मग त्याची टोपली भरते.